लाकूड म्हणजे घराचं इरलं

वाचकाचं पत्र:
कुडाळजवळ आमची १४ गुंठे जागा आहे. महामार्ग पूर्वेला दीडशे मीटरवर. खाली जांभ्याचं ११०० चौरस फुटांचं घर आणि वर ६०० चौरस फुटांचा मजला, असा नकाशा झालाय. वरचा मजला बाहेरून लाकडानं मढवायचं मुलाच्या मनात आहे. आर्किटेक्ट म्हणतात, तो मजला लाकडी सांगाड्याचाच करू, हलका होईल, थंड राहील आणि आवाजही अडेल. सुतारमामा म्हणतात ऐनाचं लाकूड वापरा. वखारवाला म्हणतो परदेशी पाइन घ्या, भट्टीत भाजलेलं, वाळवीची कायमची चिंता मिटली. सासूबाई म्हणतात, कोकणात लाकूड बाहेर लावणं म्हणजे वाळवीला आवतण. यांची झोप सावध, रात्रीच्या ट्रकांनी जाग येते. एसी एकाच खोलीत लावणार आहोत. लाकूड टिकेल का, शांतता मिळेल का, वीजबिल आटोक्यात राहील का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातलं आणि घराबाहेरचं प्रत्येक माणूस थोडं थोडं बरोबर बोलतंय, पण प्रत्येक जण लाकडाकडून वेगळंच काम मागतोय. आधी लाकडाचं काम कुठलं ते ठरवू.

भिंतीवरचं लाकडी आवरण हे घराचं इरलं आहे, शेतात पावसात पाठीवर घेतात तसं. इरलं पाऊस अंगावरून खाली सोडतं आणि पाठ नि इरलं यांच्यामधून वारा खेळतो, म्हणून आतला माणूस भिजत नाही आणि घुसमटतही नाही. पण इरलं घेतलं म्हणून लांबून मारलेली हाक ऐकू यायची थांबत नाही. २० मिमी जाडीची सागाची फळी उष्णता जेवढी अडवते, तेवढं काम ५ मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) करतं. आवाजाचं म्हणाल, तर त्या फळीचं वजन चौरस मीटरला १३ किलो, आणि तुमच्या खालच्या मजल्याच्या गिलावा केलेल्या नऊ इंची चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, भिंतीचं साडेचारशेच्या घरात. लाकूड भिंतीला पावसापासून आणि थेट उन्हापासून वाचवेल. शांतता आणि गारवा भिंतीकडून, खिडक्यांकडून आणि मुख्य म्हणजे छपराकडून घ्यावा लागेल.

म्हणून पहिला सल्ला आर्किटेक्टना न आवडणारा आहे: वरचा मजला लाकडी सांगाड्याचा करू नका. भिंतीचं वजन दुप्पट झालं की पलीकडे जाणारा आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलनं घटतो. हलक्या सांगाड्यात कितीही रॉकवूल भरलं तरी बोलण्याचा, हॉर्नचा आवाज अडतो, पण चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकची खालच्या पट्टीतली घरघर आत येतेच. तुमच्या यजमानांची झोप त्याच घरघरीनं मोडते. वरही चिराच लावा. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुळयांचा हिशेब नव्याने करून घ्यावा लागेल, तो खर्च होऊ द्या. आणि चिऱ्याला निदान आतून पूर्ण गिलावा हवाच. उघडा जांभा सच्छिद्र असतो आणि चिऱ्यांमधल्या दरजा कधीच शंभर टक्के भरलेल्या नसतात, त्यामुळे एवढं वजन असूनही आवाज झिरपतो. दिसायला उघडा चिरा हवा असेल तर तो जिन्यात किंवा ओटीवर ठेवा.

खोल्यांची मांडणी अजून बदलता येत असेल तर आजच बदला, कारण याला पैसे पडत नाहीत. महामार्ग पूर्वेला आहे. जिना, न्हाणीघर, कपड्यांची कोठी पूर्वेला घ्या आणि झोपायच्या खोल्या पश्चिमेला. घराच्याच आडोशाला आवाज सहज १० डेसिबलनं कमी होतो, म्हणजे कानाला निम्मा वाटतो. संध्याकाळचं खारं वारंही पश्चिमेकडूनच येतं. खिडकी उघडी ठेवून झोपता आलं तर एसीचे कितीतरी तास वाचतील. पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड हे दोन तोटे राहतात, त्यांचा बंदोबस्त पुढे सांगतो. कुंपणाला सुरूच्या झाडांची रांग लावून आवाज अडत नाही. डोळ्याआड झालेला रस्ता कमी वाजल्यासारखा वाटतो इतकंच. ट्रकचं इंजिन दिसणार नाही एवढा उंच चिऱ्याचा गडगा खालच्या मजल्याला ५ डेसिबलचा फरक देईल, वरच्या मजल्याला काहीच नाही.

आता खिडक्या. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली झोपायच्या खोलीत ३० डेसिबल सुचवले. मधलं अंतर खिडकीला गाठावं लागतं. ५० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत शंभरातला एक भाग उघडा राहिला तर सगळं मिळून २० डेसिबलच अडतात. १२० चौरस फुटांच्या भिंतीत हा एक भाग म्हणजे सव्वा चौरस फूट, न्हाणीघराच्या जाळीएवढा. म्हणून पूर्वेला सरकत्या खिडक्या घेऊ नका. त्यांच्या ब्रशच्या पट्टीतून वारा जातो तसा आवाजही जातो. बिजागरीवर उघडणारी, चारही बाजूंना रबरी गॅस्केट असलेली, दोन-तीन ठिकाणी आवळणारी खिडकी घ्या. काच साध्या ५ मिमीऐवजी लॅमिनेटेड (दोन काचा मधल्या पातळ पडद्यानं चिकटवलेली), निदान ६.३८ मिमीची. नुसती दुहेरी काच, १२ मिमी पोकळीची, उष्णतेला बरी, पण ट्रकची घरघर तिला फारशी जुमानत नाही. पूर्वेला एखादी खोली काढावीच लागली तर आहे त्या खिडकीच्या आतून १० सेंटीमीटर सोडून दुसरी खिडकी बसवा. दिसायला जुनाट, पण तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. चौकट आणि भिंत यांच्यातली फट फक्त फोमनं भरून सोडली की सगळा खर्च वाया. आत फोमची दोरी, वर दोन्ही बाजूंनी न वाळणारं, लवचीक राहणारं सीलंट.

छप्पर कौलारू असेल तर लक्षात घ्या, कौलांतून वारा येतो म्हणून घर थंड राहतं आणि त्याच वाटेनं महामार्गही घरात येतो. वरच्या मजल्याला मेच्या दुपारी सगळ्यात जास्त उष्णताही तिथूनच येते. तुमच्या अख्ख्या बजेटमध्ये एकाच जागी पैसे घालून दोन्ही कामं होतील अशी जागा हीच. वाशांवर १२ मिमीचा बोर्ड, त्यावर श्वास घेणारा पडदा (वखारीत ब्रीदर मेम्ब्रेन म्हणून मिळतो, पाणी अडवतो पण वाफ सोडतो), त्यावर वाशांच्या रेषेत ४० मिमीच्या उभ्या पट्ट्या, मग रिपा (अरुंद लाकडी पट्ट्या) आणि कौलं. वाशांच्या मधल्या जागेत १०० मिमी रॉकवूल, घनमीटरला ४८ किलोचं. खालून ८ मिमी फायबर सिमेंट बोर्डाचे दोन थर, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ न देता. जिप्सम नको, एखादं कौल फुटलं तर पहिल्याच पावसात पोळीसारखं फुगेल. केंद्राच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छपराची उष्णता-वहनाची कमाल मर्यादा चौरस मीटरला १.२ वॅट प्रति अंश आहे. या रचनेत हे वहन ०.५ च्या आतबाहेर येतं. खर्च वाचवायला कौलांऐवजी पत्रा सुचवला जाईल. श्रावणात त्या खोलीत शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

आर्किटेक्टच्या छेदचित्रात भिंतीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद दाखवला असेल तर तो खोडायला सांगा. लाकडी घरांची बरीचशी छेदचित्रं थंड देशांतली असतात. तिथे घरातली ऊबदार वाफ बाहेर पळते, म्हणून कागद आतून. कोकणात उलटं. जून-जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. एसी २२ वर लावला की आतला कागद २५ च्या खाली जातो आणि बाहेरून आलेली वाफ त्याच्या पाठीला पाणी होऊन बसते. दिसत नाही, पण दोन पावसाळ्यांत भिंतीला कुबट वास येतो. व्हिनाइलचा वॉलपेपर हेच करतो. एसीच्या खोलीला आतून चुन्याचा किंवा साधा पाण्यातला रंग द्या आणि एसी २६ वर ठेवून वर पंखा चालवा. पंखा बीएलडीसी असेल तर ३० ते ३५ वॅट घेतो, जुना सत्तरच्या वर. रात्रीच्या दहा तासांत एका पंख्यामागे ०.४ युनिट वाचतं.

भिंतीत रॉकवूल कुठे घालायचं? फक्त एसीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतींना, ५० मिमी. बाकी भिंतींना गरज नाही. लाकडाच्या मागची हलती हवाच त्यांना सावलीत ठेवते: ऊन फळीवर पडतं, फळी तापते, मागची हवा वर चढून बाहेर जाते, चिरा तापतच नाही. भिंतींवरचे उरलेले पैसे छपराला द्या.

आता लाकूड कुठलं. सुतारमामांचं ऐन वाशांना, खांबांना उत्तम, पण २० मिमीच्या फळीला नाही. ते जड असतं, ओलं-सुकं होताना खूप हलतं, पातळ फळी पिळवटते आणि टोकाला चिरते. किंजळाचंही तेच. वखारवाल्याचं भट्टीतलं पाइन, म्हणजे थर्मल मॉडिफाइड, दोनशे अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. त्यानं लाकूड कमी फुगतं, बुरशी आणि कूज यांना चांगलं तोंड देतं. पण वाळवीपासून संरक्षण मिळतं असं धरून चालू नका. ‘कायमची चिंता मिटली’ हे वाक्य बिलावर लिहून मागा, मग बघा काय म्हणतो ते. दाबानं औषध मुरवलेलं पाइन वाळवीला टिकतं, ते आम्ही आतल्या रिपांसाठी घेऊ. कापलेल्या प्रत्येक टोकाला तेच औषध ब्रशनं दोनदा लावायचं, कारण कापलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. बोरॅक्स-बोरिकचं पाणी बाहेरच्या फळ्यांना लावू नका. घरातल्या लाकडाला ते छान, पावसात मात्र धुऊन जातं.

फळ्यांसाठी आमची पसंती सागाच्या गाभ्याला, आणि पाडलेल्या जुन्या घराचं सागवान मिळालं तर त्याला. ते निवलेलं असतं, हलत नाही. फक्त रंधा मारायच्या आधी चुंबक फिरवून खिळे शोधा आणि किड्याची भोकं असलेला भाग कापून टाका. नवीन साग घेताना फळीचं डोकं बघा. सालीलगतचा पांढुरका भाग दिसला तर ती फळी बाजूला. साग वाळवीला पुरून उरतो तो गाभ्याचा, पांढरा भाग आंब्याच्या फळीइतकाच लवकर खाल्ला जातो. पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीच्या सागात हा भाग बराच असतो, तिथेच ‘सागालाही वाळवी लागली’ म्हणून लोक नावं ठेवतात. साग परवडला नाही तर फणस. पिवळा रंग वर्ष-दोन वर्षांत तपकिरी होतो, पण लाकूड शहाणं आहे, कमी पिळतं. सागाचं बिल आणि वनखात्याचा वाहतूक पास हातात आल्याशिवाय गाडी उतरवून घेऊ नका.

आता थोडा हिशेब. चारही बाजू मढवायचा हट्ट सोडून साधारण ६० चौरस मीटर भिंत धरतो. फळी १२५ मिमी रुंद, २० मिमी जाड. आडव्या लावायच्या, कौलांसारख्या, वरची खालचीवर ३० मिमी चढलेली, म्हणजे दिसणारी रुंदी ९५ मिमी. चौरस मीटरला साडेदहा मीटर फळी लागते. ६० चौरस मीटरला ५६ घनफूट आणि कापाकापीचे पंधरा टक्के धरून ६४ घनफूट. रिपा ५० बाय ४० मिमीच्या, उभ्या, दर ५०० मिमीवर. कोपरे आणि खिडक्यांभोवतीच्या धरून १५० मीटर, म्हणजे ११ घनफूट. वखारीत दर विचारताना तो ओंडक्याच्या मापाचा की चिरून रंधलेल्या फळीचा, हे आधी स्पष्ट करा. निम्मी भांडणं तिथेच असतात.

उभ्या फळ्या दिसायला सुरेख आणि पाणीही पटकन उतरवतात, पण प्रत्येक फळीचं कापलेलं टोक खाली लोंबतं आणि लाकूड पाणी पितं ते टोकानंच. शिवाय उभ्या फळीला आडव्या रिपा लागतात, त्या मागची हवा अडवतात, मग रिपांचे दोन थर करावे लागतात. आडव्या चढलेल्या फळ्यांत खालच्या दोन-तीन सडल्या तर तेवढ्याच बदलता येतात. तुमच्याकडच्या झडीला हाच प्रकार चांगला.

फळी ठोकण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. सागाचं लाकूड ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला रुंदीत साधारण ०.२ टक्के हलतं. कोकणात उन्हाळ्यात १२ टक्क्यांवर आलेली फळी श्रावणात २० पर्यंत जाते. १२५ मिमीची फळी त्यात जवळजवळ २ मिमी फुगते. ती दोन्ही कडांना आवळून टाकली तर मधोमध चिरते, नाहीतर स्क्रूच उपटते. म्हणून प्रत्येक रिपेवर फळीला एकच स्क्रू, खालच्या फळीच्या वरच्या कडेला न भेदता, तिच्या जरासा वरून. वरची फळी खालचीला दाबून धरते, पण खिळवत नाही. फळीत भोक ५ मिमीचं, रिपेत ३ मिमीचं, स्क्रू ८ नंबरचा, ५० मिमी लांब. डोकं फळीच्या पातळीत ठेवा. आत घुसवलं तर तिथे वाटीभर पाणी साठतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. समुद्र जवळ असेल तर ३१६ प्रतीचे. चौरस मीटरला २१ लागतात, एकूण १४०० मागवा. साधे जस्ताचे स्क्रू घेऊन हजारभर रुपये वाचवाल, पण सागा-फणसातला टॅनिन लोखंडाशी मिळून प्रत्येक डोक्याखाली शाईसारखा काळा ओघळ सोडेल. औषध मुरवलेल्या पाइनमधलं तांबं जस्ताला खातं ते वेगळंच.

फळ्या वखारीतून आल्या की लगेच लावू नका. जागेवर शेड घालून, मध्ये दर दोन फुटांवर रिपेचे तुकडे ठेवून, वाऱ्यावर रचा. ताज्या चिरलेल्या असतील तर तीन-चार महिने. ओलावा मोजायचं यंत्र सुतारमामांकडे नसेल तर विकत घ्या, दोन टाचण्यांचं छोटं यंत्र असतं. १४ ते १५ टक्के दाखवलं की लावायला घ्या. यासाठी डिसेंबर-जानेवारी बरा. भर मेमध्ये लावलेली फळी जूनमध्ये फुगून कुरकुरते, पावसाळ्यात लावलेली शिमग्यापर्यंत आक्रसून उघडी पडते.

फळ्यांच्या मागची, रिपांमधली ४० मिमी पोकळी खाली आणि वर दोन्हीकडे उघडी हवी. ही पोकळी बंद झालेल्या घरांतच लाकूड कुजतं. वळचणीखाली २० मिमीची फट पुरते. पण उघडी पोकळी म्हणजे उंदीर, पाली, गांधीलमाश्या आणि कधी सापालाही मोकळं घर, म्हणून दोन्ही टोकांना ३ मिमी छिद्राची स्टीलची जाळी इंग्रजी ‘एल’सारखी वाकवून फळ्यांच्या आधी बसवा. नंतर बसवू म्हटलं की राहतेच. एसीच्या खोलीला मात्र आधी ५० मिमीच्या रिपांत रॉकवूल, त्यावर श्वास घेणारा पडदा, मग वरच्या ४० मिमीच्या रिपा. इथे भिंत बाहेर येते, म्हणून चौकटींची खोली आधीच जुळवून घ्या. आणि रिपा दर ५०० मिमीपेक्षा लांब ठेवल्या तर लांब फळ्या वाऱ्यात खडखडतात. शांत घर हवं असताना स्वतःच्याच भिंतीचा आवाज ऐकत बसावं लागेल.

झडीचं गणित सोपं आहे. पाऊस ४५ अंशांत आला तर वळचण जितकी पुढे, तितकीच भिंत वरून कोरडी. चार फुटांची वळचण काढली तरी दहा फुटी भिंतीचा खालचा सहा फूट भाग पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला भिजणारच. त्या दोन बाजूंना वळचण चार फुटांपेक्षा कमी करायची असेल तर तिथे लाकूड लावूच नका, रंगवलेला गिलावा ठेवा. कोकणातली माणसं पावसाळ्याआधी माडाच्या चुडतांचे झाप बांधत आली ती याच बाजूंना. खालच्या पडवीची कौलं जिथे वरच्या भिंतीला भिडतात, तिथे फळ्या कौलांच्या वर निदान आठ इंच थांबवा. त्या आठ इंचांत ॲल्युमिनियमचा पत्रा भिंतीत खाच करून वळवलेला असू द्या. पागोळ्यांचं पाणी कौलावर आदळून उडतं ते दोन-तीन इंच नाही, चांगलं वीतभर उडतं. खिडकीच्या डोक्यावर असाच पत्रा, आणि खालच्या पाटाला बाहेर उतार व तळाशी १० मिमीची खाच, म्हणजे पाणी पाटाच्या पोटावरून भिंतीकडे परत येणार नाही.

सासूबाईंची वाळवी राहिली. तुमचं लाकूड वरच्या मजल्यावर आहे हे चांगलं. वाळवी जमिनीतून चिऱ्याच्या दरजांमधून चढते. जोत्याच्या भरावावर फरशीआधी औषध मारून घ्या, चौरस मीटरला ५ लिटर द्रावण, आणि पायाच्या भिंतीलगतच्या मातीत ७.५ लिटर. भारतीय मानक ६३१३ मध्ये हेच प्रमाण आहे. ठेकेदार दोन बादल्या शिंपडून मोकळा होतो. तुमच्या ११०० चौरस फुटांच्या जोत्याला निव्वळ भरावावरच पाचशे लिटर द्रावण लागतं, तेवढं पाणी जागेवर आलंय का ते बघत उभं राहा. जोत्याची बाहेरची दीड फूट पट्टी कायम उघडी ठेवा. तिथे तुळशीच्या कुंड्या, सरपणाचा ढीग, वेल नको. मातीची नळी चढताना दिसली पाहिजे, मग ती दसऱ्याला दिसो की मृगाच्या आधी. न दिसणारी वाळवीच घर खाते.

रंगाबद्दल थोडक्यात. व्हार्निश, पॉलिश, पीयू बाहेर लावू नका. उन्हानं त्याचा पापुद्रा फाटतो, फाटीतून पाणी आत जातं आणि मग बाहेर येत नाही. दोन वर्षांनी सगळं खरवडत बसावं लागतं. रंगद्रव्य असलेलं, लाकडात मुरणारं तेल लावा. फळी लावायच्या आधी चारही बाजूंनी आणि टोकांना, नंतर बाहेरून दर वर्ष-दोन वर्षांनी, पश्चिमेला दरवर्षी. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात तसं लावता येतं, लाकूड काळंभोर होतं; पण ते त्वचा भाजतं, हातमोज्यांशिवाय कुणाला लावू देऊ नका. काहीच न लावता सोडलं तर साग वर्षभरात राखाडी होतो. त्यानं तो कमजोर होत नाही. काही बाजू काळपट, काही रुपेरी दिसतील, ते तुमच्या मुलाला चालणार आहे का ते आधी विचारा.

आग हा विषय कुणी काढत नाही, म्हणून आम्ही काढतो. लाकडामागची पोकळी धुराड्यासारखी ओढते. मजल्याच्या पातळीला ती सलग ठेवू नका, वायरी पाइपातूनच न्या, मीटरची पेटी आणि एसीचं बाहेरचं यंत्र चिऱ्यावर बसवा. एसीचं यंत्र लाकडावर बसवलं तर ते भिंतीलाच गुणगुणायला लावतं, हाही मुद्दा आहे. दिवाळीत पणत्या त्या भिंतीलगत नकोत.

काम सुरू करण्याआधी सुतारमामांकडून एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून घ्या, खालची जाळी, पडदा, खिडकीचा एक कोपरा धरून. बागेच्या नळीनं आधी खालून, मग हळूहळू वर, असं पाव तास पाणी मारा आणि मागून बघा. थेंब पडद्यावरून उतरून जाळीतून बाहेर पडला तर ठीक. रिपेच्या डोक्यावर साठला तर रचना बदला. नंतर भिंतीवरच्या प्रत्येक खिडकीला फळ्या लागायच्या आधी हेच. त्याच लॉटमधल्या दहा-बारा फळ्या तेल लावून माळ्यावर ठेवून द्या. दहा वर्षांनी खालच्या दोन फळ्या बदलताना त्याच रंगाचं, त्याच रुंदीचं लाकूड शोधत फिरावं लागणार नाही.

आणि औषध मुरवलेल्या पाइनचे उरलेले तुकडे न्हाणीघराच्या चुलीत घालू नका. त्यातल्या काही औषधांत आर्सेनिक असतं. ते तुकडे वेगळ्या पोत्यात भरून ठेकेदाराला परत न्यायला लावा, आणि कामाच्या करारात तसं एक वाक्य आताच घाला.